पाच वर्षांसाठी आखलेला नकाशा: वेस्ट बँकेतील सुरक्षेचा कारभार कसा चालतो?

जॉर्डन नदीच्या पश्चिमेकडील वेस्ट बँकेत रामल्ला, नाब्लुस किंवा जेनिन या शहरांकडे वळणाऱ्या रस्त्यांच्या तोंडाशी मोठे लाल फलक उभे आहेत. हा रस्ता पॅलेस्टिनी प्राधिकरणाच्या (पॅलेस्टिनींच्या मर्यादित स्वशासनाच्या यंत्रणेच्या) ताब्यातील 'अ' क्षेत्रात जातो, इस्रायली नागरिकांना तेथे प्रवेश निषिद्ध आहे, जाणे जिवाला धोक्याचे आहे आणि इस्रायली कायद्याच्या विरुद्धही आहे, असे त्यांवर हिब्रू, अरबी आणि इंग्रजीत लिहिलेले असते. नवख्या माणसाला वाटेल की येथे एका देशाची हद्द संपून दुसऱ्याची सुरू होते. प्रत्यक्षात त्याच रस्त्याने इस्रायली सैन्याच्या गाड्या रात्री शहरात शिरतात, एखाद्या घरातून माणसाला ताब्यात घेतात आणि उजाडण्यापूर्वी परततात. आणि तेवढा वेळ शहरातील पॅलेस्टिनी पोलीस बहुधा आपापल्या ठाण्यांत थांबलेले असतात, कारण तशी सूचना त्यांना आधीच पोचलेली असते.

युद्ध, रॉकेटहल्ले आणि ओलीस यांविषयी वर्तमानपत्रांतून भरपूर वाचायला मिळते. परंतु युद्ध नसलेल्या साध्या दिवशी तेथे पोलीस कोणाचे, कर कोण गोळा करतो आणि घर बांधण्याची परवानगी कोण देते, हे समजल्याशिवाय इस्रायलची सुरक्षानीती आणि तिच्या मागोमाग चालणारी मुत्सद्देगिरी नीट कळत नाही. या लेखाचा विषय तो रोजचा कारभार आहे.

सुरुवात १९६७ च्या जूनपासून करावी लागते. सहा दिवसांच्या युद्धात इस्रायलने जॉर्डनकडून वेस्ट बँक आणि पूर्व जेरुसलेम, इजिप्तकडून गाझा पट्टी आणि सिनाई, तर सीरियाकडून गोलान टेकड्या घेतल्या. त्याआधीच्या इस्रायलची रुंदी नेतान्या शहराजवळ जेमतेम १५ किलोमीटर होती. किनाऱ्यालगतच्या सपाटीवर लोकवस्ती आणि उद्योग, आणि तिच्यावर नजर ठेवून असलेल्या डोंगररांगा शत्रूच्या हाती, अशी ती रचना होती. म्हणून हे डोंगर आणि त्यापलीकडचे जॉर्डन नदीचे खोरे सोडायचे नाही, ही धारणा इस्रायली सेनाधिकाऱ्यांत खोलवर रुजली. मजूर पक्षाचे यिगाल अलोन यांनी त्याच वर्षी मांडलेल्या योजनेत दाट पॅलेस्टिनी वस्तीचा भाग वगळून खोऱ्याची पट्टी इस्रायलकडे ठेवण्याचा विचार होता. ती योजना सरकारने औपचारिकपणे कधीच स्वीकारली नाही, तरी पुढच्या बहुतेक नकाशांवर तिची छाया दिसते.

त्याच वर्षी २२ नोव्हेंबरला संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने ठराव क्रमांक २४२ मंजूर केला. युद्धात व्यापलेल्या प्रदेशातून माघार आणि त्या बदल्यात प्रत्येक राष्ट्राला सुरक्षित, मान्य सीमांच्या आत शांततेने जगण्याचा हक्क, हे त्याचे सूत्र. इजिप्तच्या बाबतीत ते यशस्वी ठरले. मार्च १९७९ मध्ये करार झाला, एप्रिल १९८२ पर्यंत इस्रायलने सिनाई जवळजवळ पूर्ण सोडले, तेथील सैन्याची संख्या आणि शस्त्रे यांवर टप्प्याटप्प्याने मर्यादा आल्या आणि देखरेखीला बहुराष्ट्रीय पथक नेमले गेले. ही व्यवस्था आजही टिकून आहे. पण सिनाई हे विस्तीर्ण वाळवंट होते आणि समोर करार पाळण्यास समर्थ असे एक राज्य होते. वेस्ट बँकेत वाळवंटाचे अंतरही नाही आणि करार करायला राज्यही नव्हते. तेथे होते लष्करी अमलाखालचे लोक, आणि त्यांच्या मधोमध वाढत जाणाऱ्या इस्रायली वसाहती.

डिसेंबर १९८७ मध्ये पहिला इंतिफादा, म्हणजे पॅलेस्टिनींचा उठाव, सुरू झाला. लाखो लोकांवर लष्कराच्या बळावर कायम राज्य करता येत नाही, हे त्यानंतर यित्झाक राबिन यांच्यासारख्या कसलेल्या सेनानीलाही मान्य करावे लागले. १९९३ मध्ये नॉर्वेत गुप्त वाटाघाटी झाल्या आणि १३ सप्टेंबरला व्हाइट हाउसच्या हिरवळीवर आता पंतप्रधान असलेले राबिन आणि पॅलेस्टिनी नेते यासर अराफत यांचे हस्तांदोलन जगाने पाहिले. त्याआधी चार दिवस झालेला पत्रव्यवहार मात्र अधिक बारकाईने वाचण्यासारखा आहे. पॅलेस्टाईन मुक्ती संघटनेने, म्हणजे पीएलओने, इस्रायलचा अस्तित्वाचा हक्क मान्य केला. इस्रायलने पीएलओला पॅलेस्टिनी जनतेची प्रतिनिधी म्हणून मान्यता दिली. पॅलेस्टिनी राज्याचा उल्लेख त्यात कोठेही नव्हता. एका बाजूने राज्याला मान्यता दिली, दुसऱ्या बाजूने संघटनेला. ही असमानता पहिल्याच पानावर होती, आणि उत्सवाच्या वातावरणात तिच्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही.

ओस्लो करारांची मूळ कल्पना अशी होती की सोपे प्रश्न आधी सोडवावेत, परस्परांवरचा विश्वास वाढू द्यावा आणि अवघड प्रश्न शेवटी घ्यावेत. जेरुसलेम, निर्वासित, वसाहती, सीमा आणि अंतिम सुरक्षाव्यवस्था हे पाच विषय पुढे ढकलले गेले. मे १९९४ मध्ये गाझा आणि जेरिकोपासून पाच वर्षांचा अंतरिम काळ सुरू झाला. म्हणजे मे १९९९ पर्यंत सगळे मिटायचे होते. २८ सप्टेंबर १९९५ रोजी दुसरा, साधारणपणे 'ओस्लो-२' म्हणून ओळखला जाणारा करार झाला आणि वेस्ट बँकेची तीन प्रकारच्या क्षेत्रांत विभागणी झाली. 'अ' क्षेत्रात, म्हणजे मुख्य शहरांत, मुलकी कारभार आणि पोलीस दोन्ही पॅलेस्टिनींचे. 'ब' क्षेत्रात, म्हणजे बहुतेक खेड्यांत, मुलकी कारभार त्यांचा, पण सुरक्षेचा अंतिम अधिकार इस्रायलचा. 'क' क्षेत्रात, जेथे वसाहती, लष्करी तळ, मोकळी जमीन आणि जवळजवळ सगळे जॉर्डन खोरे येते, तेथे सुरक्षा इस्रायलची आणि जमीन व बांधकामाचे नियंत्रणही इस्रायलचेच.

पुढच्या माघारींतून 'अ' आणि 'ब' वाढत जातील, असे ठरले होते. २००० च्या मार्चपर्यंत 'अ' सुमारे १८ टक्के आणि 'ब' सुमारे २२ टक्के झाले, 'क' सुमारे ६० टक्के उरले, आणि नकाशा तेथेच थांबला. टक्केवारीपेक्षा आकार महत्त्वाचा आहे: 'अ' आणि 'ब' मिळून दीडशेहून अधिक सुटे तुकडे होतात आणि त्यांना वेढणारे 'क' मात्र सलग आहे. वाड्याच्या वाटणीत एका भावाला खोल्या मिळाव्यात आणि ओसरी, जिना, विहीर दुसऱ्याकडे राहावी, तसा हा प्रकार आहे. नाब्लुसच्या पॅलेस्टिनी पोलिसांना गुन्हेगाराच्या मागावर शेजारच्या गावात जायचे असेल, तर मधला रस्ता 'क' क्षेत्रातून जातो, म्हणून गणवेशात आणि शस्त्रांसह निघण्यापूर्वी इस्रायली बाजूची संमती घ्यावी लागते. तोपर्यंत गुन्हेगार तेथेच बसून राहील, अशी अपेक्षा कोणी करत नाही.

ही संमती जेथून येते ती जिल्हा समन्वय कार्यालये हा या साऱ्या व्यवस्थेचा न दिसणारा सांधा आहे. प्रत्येक जिल्ह्यात इस्रायली आणि पॅलेस्टिनी अधिकारी एकमेकांशी फोनवर बोलतात. चुकून 'अ' क्षेत्रात शिरलेल्या इस्रायली वाहनचालकाला पॅलेस्टिनी पोलीस सुखरूप परत आणून देतात. रुग्णवाहिकेला नाका ओलांडायचा असेल तर नावे कळवली जातात. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये ऑलिव्हची तोडणी सुरू झाली की ज्या शेतकऱ्यांची झाडे वसाहतींच्या कुंपणालगत आहेत त्यांना ठरावीक दिवस नेमून दिले जातात. त्या दिवसांत सैनिक उभे असतील तरच शेतात जायचे, एरवी नाही. शेतकऱ्याचे झाड त्याच्याच मालकीचे असते, परंतु फळ पिकण्याचे आणि परवान्याचे दिवस जुळतीलच, याची खात्री नसते. या कामांच्या वरच्या थरावर गुप्तवार्तांची देवाणघेवाण चालते आणि वादही तिच्यावरच आहे.

इस्रायलच्या दृष्टीने या सहकार्याचा उपयोग उघड आहे. हमास किंवा इस्लामिक जिहाद या सशस्त्र पॅलेस्टिनी संघटनांच्या गटांची माहिती मिळते, काही अटका पॅलेस्टिनी यंत्रणाच करतात, आणि प्रत्येक गल्लीत सैन्य ठेवावे लागत नाही. २००५ पासून अमेरिकेचा एक सेनाधिकारी या कामासाठी जेरुसलेममध्ये नेमलेला असतो. लेफ्टनंट जनरल कीथ डेटन यांच्या काळात पॅलेस्टिनी तुकड्यांना जॉर्डनमध्ये प्रशिक्षण देण्यात आले. पॅलेस्टिनी प्राधिकरणाचाही यात स्वार्थ आहे, कारण २००७ मध्ये हमासने गाझातून त्यांना शस्त्रबळाने हुसकावले आणि वेस्ट बँकेत तेच घडू नये, ही त्यांची मुख्य चिंता आहे. अध्यक्ष महमूद अब्बास यांनी २०१४ मध्ये हे सहकार्य 'पवित्र' असल्याचे जाहीरपणे म्हटले होते. त्यांनीच मे २०२० मध्ये वेस्ट बँकेचा भाग इस्रायलमध्ये विलीन करण्याच्या योजनेचा निषेध म्हणून ते थांबवले, नोव्हेंबरमध्ये पुन्हा सुरू केले आणि जानेवारी २०२३ मध्ये जेनिनमधील प्राणघातक लष्करी कारवाईनंतर परत थांबवल्याचे जाहीर केले. अशा घोषणा होतात आणि फोन पुन्हा वाजू लागतात. सामान्य पॅलेस्टिनी माणसाच्या नजरेत याचा अर्थ असा होतो की आपले पोलीस आपल्याला वसाहतवासीयांच्या हल्ल्यांपासून वाचवू शकत नाहीत, त्यांना तो अधिकारच नाही, पण इस्रायलला हव्या असलेल्या माणसाला पकडू मात्र शकतात. या आक्षेपाला प्राधिकरणाकडे समाधानकारक उत्तर कधीच नव्हते.

तिजोरीच्या किल्ल्यांची कथाही अशीच आहे. एप्रिल १९९४ च्या पॅरिस आर्थिक करारानुसार पॅलेस्टिनी बाजारपेठेकडे जाणाऱ्या मालावरील सीमाशुल्क आणि इतर अप्रत्यक्ष कर इस्रायल गोळा करतो, ३ टक्के खर्च कापून घेतो आणि उरलेली रक्कम त्याने दरमहा प्राधिकरणाला द्यायची असते. प्राधिकरणाच्या उत्पन्नाचा हा सर्वांत मोठा हिस्सा असतो आणि शिक्षक, डॉक्टर, पोलीस यांचे पगार त्यातून होतात. २००६ मध्ये हमासने निवडणूक जिंकल्यावर हा पैसा रोखला गेला, २०११ मध्ये पॅलेस्टाईनला युनेस्कोचे सदस्यत्व मिळाल्यावर रोखला गेला, २०१५ च्या सुरुवातीला आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाच्या सदस्यत्वासाठी पाऊल उचलल्यावरही रोखला गेला. इस्रायली कैदेत असलेल्यांच्या आणि मारल्या गेलेल्यांच्या कुटुंबांना प्राधिकरण भत्ते देत आले, हा हिंसेला पुरस्कार आहे, अशी इस्रायलची तक्रार असून २०१८ च्या कायद्याने तितकी रक्कम कापण्याची तरतूद केली. गंमत अशी की, इस्रायलच्याच सुरक्षा यंत्रणांनी वेळोवेळी सरकारला सावध केले आहे की पोलिसांचे पगार थांबले तर कोसळणारी व्यवस्था शेवटी आपल्यालाच सांभाळावी लागेल.

पाच वर्षांत संपायची व्यवस्था का संपली नाही, याचे एकच उत्तर नाही. फेब्रुवारी १९९४ मध्ये हेब्रनच्या मशिदीत एका इस्रायली वसाहतवासीयाने नमाज पढणाऱ्या २९ जणांना गोळ्या घातल्या. त्यानंतर हमासने बसगाड्यांत आत्मघाती स्फोट सुरू केले. ४ नोव्हेंबर १९९५ ला राबिन यांची हत्या एका ज्यू अतिरेक्याने केली. राबिन जगते तर पॅलेस्टिनी राज्य झाले असते, असे आता सर्रास म्हटले जाते. परंतु हत्येच्या महिनाभर आधी संसदेत त्यांनी सांगितले होते की पॅलेस्टिनींची ती व्यवस्था राज्यापेक्षा कमी असेल, जेरुसलेम अखंड राहील आणि सुरक्षेची सीमा जॉर्डन खोऱ्यात असेल. दुसऱ्या बाजूला, अंतिम तोडग्यापूर्वी प्रदेशाची स्थिती कोणी बदलणार नाही, असे ओस्लो-२ मध्ये लिहिलेले असतानाही वसाहती वाढत राहिल्या, कारण त्यांच्यावर स्पष्ट बंदी नव्हती. १९९३ मध्ये पूर्व जेरुसलेम वगळून वेस्ट बँकेत लाखभर वसाहतवासी होते. आज ते ५ लाखांच्या आसपास आहेत. अवघड प्रश्न पुढे ढकलले की ते आहेत तितकेच अवघड राहतात, हे ओस्लोच्या शिल्पकारांचे गृहीतक मला यातील सर्वांत मोठी चूक वाटते. ढकललेला प्रश्न जमिनीवर रोज वाढत होता.

जुलै २००० मध्ये अमेरिकेत कॅम्प डेव्हिडला इस्रायलचे पंतप्रधान एहुद बराक आणि अराफत यांची बोलणी फिसकटली आणि सप्टेंबरअखेरीस दुसरा इंतिफादा पेटला. अगदी पहिल्या दिवसांत, २९ सप्टेंबरला, कल्किल्याजवळ संयुक्त गस्तीवर असलेल्या पॅलेस्टिनी पोलिसाने आपल्या इस्रायली सहकाऱ्याला गोळी घातली. संयुक्त गस्त हे ओस्लोचे सर्वांत दृश्य प्रतीक होते, ते संपले. पुढच्या चार-पाच वर्षांत सुमारे १,००० इस्रायली आणि ३,००० हून अधिक पॅलेस्टिनी मारले गेले. २७ मार्च २००२ च्या रात्री नेतान्याच्या एका हॉटेलात सणाच्या भोजनाला बसलेल्या ३० लोकांचा आत्मघाती स्फोटात बळी गेला. दुसऱ्याच दिवशी बैरुतमध्ये अरब राष्ट्रांनी प्रस्ताव मंजूर केला: १९६७ च्या रेषेपर्यंत माघार घ्या, पॅलेस्टिनी राज्य आणि निर्वासितांचा प्रश्न मार्गी लावा, आम्ही सारे तुमच्याशी संबंध प्रस्थापित करू. इस्रायलला इतका मोठा देकार अरब जगताकडून पूर्वी कधीच आला नव्हता, आणि तो ऐकण्याच्या मनःस्थितीत त्या आठवड्यात तेथे कोणी नव्हते. सैन्य 'अ' क्षेत्रातील शहरांत घुसले, आणि रात्रीचे छापे तेव्हापासून नित्याचे झाले.

त्याच वर्षी कुंपणाचे काम सुरू झाले. बहुतेक ठिकाणी ते तारांचे, खंदकांचे आणि गस्तीच्या रस्त्यांचे, शहरांजवळ काँक्रीटच्या उंच भिंतीचे आहे. आखलेली लांबी सुमारे ७०० किलोमीटर, म्हणजे १९६७ पूर्वीच्या रेषेच्या दुपटीहून जास्त, कारण ते वसाहतींना कवेत घेत आत-बाहेर वळते. आत्मघाती हल्ले नंतर झपाट्याने घटले. श्रेय कुंपणाचे किती, लष्कराच्या आतील मोहिमांचे किती आणि पॅलेस्टिनी गटांनी धोरण बदलल्याचे किती, यावर तज्ज्ञांत मतभेद आहेत. २००४ मध्ये दोन न्यायालयांनी नऊ दिवसांच्या अंतराने या कुंपणावर निकाल दिले. ३० जूनला इस्रायलच्या सर्वोच्च न्यायालयाने बैत सुरीक गावाच्या खटल्यात म्हटले की सुरक्षेसाठी कुंपण घालता येईल, पण गावकऱ्यांचे नुकसान मिळणाऱ्या सुरक्षेच्या प्रमाणाबाहेर असेल तर मार्ग बदला. आणि आव्हान दिलेल्या सुमारे ४० किलोमीटरपैकी बहुतेक मार्ग रद्द केला. ९ जुलैला हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १४ विरुद्ध १ मतांनी व्यापलेल्या प्रदेशातील सगळाच भाग बेकायदा असल्याचे सल्लामत दिले. पहिल्या न्यायालयाने कुंपण कोठे असावे हे पाहिले, दुसऱ्याने ते तेथे का आहे हे पाहिले.

आता मुत्सद्देगिरीकडे वळू. पॅलेस्टिनींशी बोलणी सुरू असणे हीच अनेक वर्षे इस्रायलची आंतरराष्ट्रीय पत होती. ऑक्टोबर १९९१ च्या माद्रिद परिषदेनंतर तीन महिन्यांत, जानेवारी १९९२ मध्ये, चीन आणि भारत दोघांनीही पूर्ण राजनैतिक संबंध जोडले. भारताने इस्रायलला १९५० मध्येच मान्यता दिली होती, तरी चार दशके त्यांची भारतातील वकिलात म्हणजे मुंबईतील वाणिज्य दूतावास एवढीच होती. १९८८ मध्ये भारताने पॅलेस्टाईनलाही राज्य म्हणून मान्यता दिली. १९९४ मध्ये जॉर्डनने शांतता करार केला. पण सप्टेंबर २०२० च्या 'अब्राहम करारां'नी हा क्रम उलटवला. संयुक्त अरब अमिराती आणि बहारीन यांनी पॅलेस्टिनी राज्याची वाट न पाहता इस्रायलशी संबंध जोडले. अमिरातीने बदल्यात वेस्ट बँकेच्या विलीनीकरणाची योजना तूर्त थांबवून घेतली, एवढेच. बेन्यामिन नेतान्याहू यांना पूर्वीपासून सिद्ध करायचे होते ते यातून सिद्ध झाल्यासारखे दिसले: पॅलेस्टिनी प्रश्न न सोडवता, नुसता सांभाळून, प्रदेशात शांतता मिळते.

या सांभाळण्याच्या धोरणाचा दुसरा भाग गाझा होता. २००५ मध्ये पंतप्रधान एरियल शेरॉन यांनी तेथील सर्व २१ वसाहती रिकाम्या केल्या, पण कराराशिवाय, आणि हवाई, सागरी व बहुतेक जमिनी मार्गांचे नियंत्रण इस्रायलकडेच राहिले. दोन वर्षांत हमासची सत्ता आली, नाकेबंदी कडक झाली. त्यातून बहुसंख्य इस्रायलींनी धडा घेतला की प्रदेश सोडला की रॉकेट येतात. पॅलेस्टिनींनी घेतला की वाटाघाटींनी जे मिळाले नाही ते शस्त्रांनी मिळते. दोघांच्याही धड्यांत तथ्याचा अंश आहे आणि दोघांनीही, मला वाटते, माघारीत 'कराराशिवाय' हा भाग होता, हे सोयीस्करपणे विसरले. ७ ऑक्टोबर २०२३ ला हमासने केलेल्या हल्ल्यात सुमारे १,२०० लोक मारले गेले आणि २५१ जणांना ओलीस नेले गेले. त्यानंतरच्या युद्धात, गाझाच्या आरोग्य मंत्रालयाच्या नोंदींनुसार, ६५,००० हून अधिक पॅलेस्टिनी मरण पावले आणि पट्टीचा बराचसा भाग ढिगारा झाला.

या गदारोळात वेस्ट बँकेचा नकाशा तोच राहिला, पण त्याची मालकी हळूच सरकली. 'क' क्षेत्राचा कारभार पाहणारे मुलकी प्रशासन १९८१ पासून लष्कराच्या हाताखाली होते. फेब्रुवारी २०२३ मध्ये जमीन, बांधकाम आणि वसाहतींविषयीचे मोठे अधिकार संरक्षण मंत्रालयातील एक मंत्री म्हणून बेझालेल स्मोट्रिच यांच्याकडे गेले. अर्थमंत्रीही तेच असल्याने करांच्या रकमेची कळही त्यांच्याच हाती आहे, आणि वेस्ट बँक इस्रायलला जोडावी, ही त्यांची उघड भूमिका आहे. हा ताबा तात्पुरता आहे, लष्करी गरजेपुरता आहे, हा इस्रायलचा दशकांचा कायदेशीर बचाव होता. कारभार निवडून आलेल्या मंत्र्याकडे गेला की तो बचाव दुबळा होतो. जुलै २०२४ मध्ये हेगच्या न्यायालयाने ही सगळी उपस्थितीच बेकायदा ठरवणारे सल्लामत दिले, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि फ्रान्स यांनी पॅलेस्टाईनला राज्य म्हणून मान्यता दिली.

ऑक्टोबर २०२५ मध्ये गाझात युद्धविराम झाला आणि १७ नोव्हेंबरला सुरक्षा परिषदेने १३ विरुद्ध ० मतांनी, रशिया आणि चीन तटस्थ असताना, ठराव क्रमांक २८०३ मंजूर केला. त्यात गाझासाठी एक आंतरराष्ट्रीय मंडळ आणि स्थैर्यदल नेमले आहे. हमासचे निःशस्त्रीकरण जसे होईल तशी इस्रायलची माघार, प्राधिकरणात सुधारणा झाल्यावर आणि पुनर्बांधणी पुढे सरकल्यावर पॅलेस्टिनी राज्याकडे जाण्याच्या विश्वासार्ह मार्गाची परिस्थिती 'कदाचित' तयार होईल, असा क्रम आहे. सुरक्षा आधी, राजकारण शेवटी. मंडळाची आणि दलाची मुदत ३१ डिसेंबर २०२७ पर्यंत आहे. तोवर गाझाच्या रस्त्यांवर कोणाचे पोलीस असतील आणि त्यांचे पगार कोणाच्या हातून येतील, या दोन प्रश्नांवर वाटाघाटी करणाऱ्यांचा बराचसा वेळ जाणार आहे.